ऋतूंचं आणि निसर्गाचं शास्त्रीय संगीत निवांत ऐकायचं कसं?

'मन शांत करणारं पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत' असं शोधलं की व्हिवाल्डीचं 'फोर सीझन्स', म्हणजे चार ऋतूंवरच्या चार रचना, हमखास समोर येतं. ते पहिल्यापासून सलग लावलं, तर पंधरा-सतरा मिनिटं बरी जातात. मग 'ग्रीष्मा'चा तिसरा भाग सुरू होतो. सगळी व्हायोलिनं एकदम तुटून पडतात, गारपीट होते, उभं पीक आडवं होतं. संगीत म्हणून हा भाग जबरदस्त आहे, पण दिवसभराच्या दगदगीनंतर डोकं शांत करायला तो काही कामाचा नाही.

निसर्गावरचं संगीत म्हटलं की ते शांतच असणार, असं आपण धरून चालतो. पण वादळं, शिकार, बर्फावरून घसरून पडणं हेही त्या निसर्गात येतं आणि संगीतकारांना तेच रंगवायला जास्त मजा येते, असा संशय घ्यायला भरपूर जागा आहे. म्हणून अख्खी रचना लावायची नाही. तिच्यातला नेमका भाग निवडायचा. तो कसा निवडायचा आणि कसा ऐकायचा, ते क्रमाने बघू.

१. आधी यादीतले वेगाचे शब्द वाचा

या रचना दोन, तीन, कधी पाच भागांत असतात. ट्रॅकच्या यादीत प्रत्येक भागापुढे बहुधा एखादा इटालियन शब्द असतो आणि तो वेग सांगतो. लार्गो, लेंटो आणि अडाजिओ हे संथ. अंदांते म्हणजे चालण्याच्या गतीचं, मध्यम. अलेग्रो जलद, प्रेस्तो अतिजलद. एवढे सहा शब्द लक्षात ठेवले तरी निम्मं काम होतं.

एकच सावधगिरी: शब्द पुरता वाचायचा. 'ग्रीष्मा'चा मधला भाग 'अडाजिओ' म्हणून सुरू होतो, पण त्याच्या शेजारी 'प्रेस्तो'ही लिहिलेलं असतं. उकाड्याने थकलेला मेंढपाळ आडवा झालाय, भोवती माश्या घोंघावताहेत आणि थोड्या थोड्या वेळाने ढग गडगडताहेत, असा तो प्रसंग आहे. मेंढपाळाला विश्रांती मिळत नाही, तुम्हालाही मिळणार नाही. उलट बेथोव्हेनच्या सहाव्या सिंफनीचा (सिंफनी म्हणजे अख्ख्या वाद्यवृंदासाठीची अनेक भागांची मोठी रचना) पहिला भाग 'अलेग्रो मा नॉन त्रोप्पो' आहे, म्हणजे जलद, पण फार नको. तो अलेग्रो असूनही सुखाचा आहे.

२. सुरुवात दोन मिनिटांच्या तुकड्याने करा

सवय नसताना चाळीस मिनिटांची सिंफनी लावून बसलं की पाचव्या मिनिटाला हात फोनकडे जातो. त्यापेक्षा व्हिवाल्डीच्या 'हिवाळ्या'चा मधला भाग घ्या, लार्गो. हे चार कॉन्चेर्तो, म्हणजे एक मुख्य वाद्य आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचना, १७२५ मध्ये ॲमस्टरडॅमला छापले गेले आणि प्रत्येकासोबत एकेक सुनीत होतं, कुठल्या ओळीला कुठले सूर ते दाखवणारं. या लार्गोचं चित्र साधं आहे: बाहेर पाऊस लोकांना भिजवतोय आणि आपण आत शेकोटीजवळ निवांत बसलोय.

आता हे दोन मिनिटं तीनदा ऐका. पहिल्यांदा फक्त मुख्य व्हायोलिनची धून धरा. ती शेकोटीजवळची माणसं. दुसऱ्यांदा ती सोडून द्या आणि तिच्यामागच्या व्हायोलिनांकडे लक्ष द्या. ती गजाने वाजत नाहीत, बोटाने छेडली जातात. एकेक सूर सुटा, टप टप. तो पाऊस. तिसऱ्यांदा या दोन्हींच्या मधोमध व्हिओला, म्हणजे व्हायोलिनहून थोडं मोठं, खालच्या सुरांचं वाद्य, शोधा. ती लांब, स्थिर सूर धरून बसलेली असते आणि ती आहे हे सांगितल्याशिवाय कळतही नाही. तिसऱ्या वेळी ती सापडली की बाकीचे विचार आपोआप मागे पडलेले असतात. 'काही विचार करू नका' असं मनाला बजावून काही होत नाही. त्याला ऐकायला एक धागा दिला की ते गुंतून राहतं.

एक गोष्ट इथेच बघून घ्या. हा भाग काही वादक दीड मिनिटात उरकतात, काही दोनाच्या वर नेतात. एकाच रचनेची दोन रेकॉर्डिंग इतकी वेगळी वाटू शकतात. एखादी रचना आवडली नाही तर ती टाकून देण्याआधी दुसऱ्या कुणी वाजवलेली ऐका.

हेच 'वसंता'च्या मधल्या लार्गोबाबत करता येईल. तिथे मुख्य व्हायोलिन म्हणजे झोपलेला गुराखी, इतर व्हायोलिनं म्हणजे पानांची सळसळ आणि व्हिओला पुन्हा पुन्हा दोन ठसठशीत सूर वाजवते, तो त्याचा कुत्रा. कुत्रा भुंकतोय म्हणून हा भाग शांत नसेल असं वाटतं, पण तसं होत नाही. त्या भुंकण्याला एक ठरलेली लय आहे आणि खर्जातली वाद्यं पूर्ण गप्प असल्यामुळे सगळं हलकं, हवेशीर वाटतं.

३. आवाज शेवटाकडून ठरवा

इथे बहुतेकांचा रसभंग होतो. वाद्यवृंदाच्या रेकॉर्डिंगमध्ये अगदी हळू आणि अगदी मोठ्या आवाजात फार अंतर असतं. सुरुवातीला एकटी बासरी ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवायचा आणि चार मिनिटांनी ऐंशी वाद्यं एकदम वाजली की दचकून फोनवर झडप घालायची, हा नेहमीचा प्रकार.

उपाय सोपा आहे. ट्रॅक सुरू करण्याआधी पट्टीवर बोट सरकवत त्यातली सर्वात मोठ्या आवाजाची जागा शोधा. तिथे आवाज कानाला सोसेल इतका ठेवा, मग मागे येऊन सुरुवातीपासून लावा. सुरुवात फारच बारीक वाटली तरी वाढवू नका. मिनिटभरात कान जुळवून घेतो.

ॲपमध्ये ट्रॅक एकमेकांत मिसळण्याची, म्हणजे क्रॉसफेडची सोय असेल तर ती बंद करा. या संगीतात शेवटचे विरत जाणारे सूर फार मोलाचे असतात आणि ही सोय नेमके तेच खाते. शफलही बंद. जाहिराती मध्ये येत असतील तर ट्रॅक आधी उतरवून ठेवलेले बरे. लार्गोच्या मागोमाग जाहिरात हा छळ आहे.

४. मग एक लांब भाग घ्या

दोन मिनिटांची बैठक जमली की बारा मिनिटांकडे जा. त्यासाठी बेथोव्हेनच्या सहाव्या सिंफनीतल्या दुसऱ्या भागासारखं दुसरं काही नाही. 'पास्टोरल' नावाची ही सिंफनी २२ डिसेंबर १८०८ रोजी व्हिएन्नात पहिल्यांदा वाजली, त्याच संध्याकाळी त्याची पाचवीही पहिल्यांदाच वाजली. दुसऱ्या भागाचं नाव आहे 'ओढ्याकाठी'.

ओढा वाहतो तो खालच्या तंतुवाद्यांत. दोन चेलो, सूर दबका करणारा म्यूट लावून, एकसारखी हेलकावणारी झुळझुळ धरतात आणि वरच्या धुना त्या पाण्यावर तरंगत येतात-जातात. धुनेचा मागोवा सुटला तरी बिघडत नाही. चेलोंकडे परत या, पाणी वाहतच असतं. शेवटी मात्र सगळं थांबतं आणि तीन पक्षी बोलतात: बासरीतून नाइटिंगेल, ओबोतून लावा पक्षी, क्लॅरिनेटमधून कोकीळ. कुठलं वाद्य कुठला पक्षी हे बेथोव्हेनने स्वरलिपीतच नावं घालून लिहिलंय, त्यामुळे ही कुणा रसिकाची कल्पना नव्हे.

हा भाग संपला की थांबा. पुढे गावकऱ्यांचा नाच येतो आणि तिथून पुढचे तीनही भाग एकमेकांना जोडलेले आहेत. नाचात रमलात की न सांगता थेट वादळात जाल. अख्ख्या सिंफनीत टिंपनी नगारे फक्त त्या वादळातच वाजतात, यावरून अंदाज घ्या. आणखी ऐकावंसं वाटलं तर वादळ ओलांडून सरळ पाचवा भाग लावा. वादळ सरल्यावरचं मेंढपाळाचं गाणं आहे ते, कृतज्ञतेचं.

५. स्वतःची यादी करा, पण नावावर जाऊ नका

वसंतासाठी डेलियसची 'वसंतातली पहिली कोकीळ' अशा अर्थाच्या नावाची १९१२ ची रचना घ्या. सहा-सात मिनिटं, छोटा वाद्यवृंद, क्लॅरिनेटमधून अधूनमधून येणारी कोकिळेची साद. दचकवणारं काही नाही. भर दुपारच्या उन्हासाठी देब्युसीचं १८९४ चं 'फॉन'वरचं (अर्धा माणूस, अर्धा बोकड असा वनदेव) प्रील्यूड, एकट्या बासरीने सुरू होणारं आणि दहा मिनिटं सुस्तावत जाणारं. पहाटेसाठी ग्रीगचं 'मॉर्निंग मूड', बासरी आणि ओबो आळीपाळीने एकच धून घेतात ते. ते ऐकताना सगळ्यांना नॉर्वेचे डोंगर आणि फ्योर्ड दिसतात, प्रत्यक्षात ज्या नाटकासाठी ते लिहिलं गेलं त्यात ही पहाट मोरोक्कोतली आहे. तुम्हाला जे दिसेल ते बघा.

या यादीतून एकच ठेवा असं कुणी म्हटलं तर मी व्हॉन विल्यम्सचं 'द लार्क असेंडिंग' ठेवीन. पंधरा मिनिटं एक व्हायोलिन चंडोलासारखं वर वर चढत जातं. सुरुवातीला वाद्यवृंद एक स्वरसमूह धरतो आणि व्हायोलिन त्यावर जवळजवळ तालाच्या बंधनाशिवाय फिरतं. आलाप ऐकायची सवय असलेल्या कानाला ही जागा लगेच ओळखीची वाटेल. शेवटी वाद्यवृंद गप्प होतो, व्हायोलिन एकटं उरतं आणि सूर नेमका कधी संपला ते कळत नाही. क्रॉसफेड बंद करायला सांगितलं ते यासाठीही.

नावाला भुलू नका, असं बजावण्याचं कारण शोपँचं 'रेनड्रॉप' प्रील्यूड. नाव त्याने दिलेलं नाही, मागाहून चिकटलं. एकच सूर थेंबासारखा वाजत राहतो, सुरुवात अगदी कोवळी. पण मधल्या भागात तोच थेंब खर्जाच्या गडद सुरांवर आदळायला लागतो आणि वातावरण भयाण होतं. ज्यांना रात्री मुळातच अस्वस्थ वाटतं त्यांनी हे दिवसा ऐकावं. चायकोव्हस्कीच्या 'सीझन्स'मध्ये, म्हणजे बारा महिन्यांच्या बारा पियानो तुकड्यांत, 'जून' आणि 'ऑक्टोबर' संथ आहेत. त्यातला 'ऑक्टोबर' सरळसरळ उदास आहे. उदास संगीतानेही पुष्कळांना हलकं वाटतं, पण आपण त्यातले आहोत का ते आधी बघून घ्यावं.

६. पाऊस हवा असेल तर रागांकडे वळा

युरोपीय चार ऋतूंत पावसाळा नावाचा ऋतूच नाही. तिथे पाऊस येतो तो वादळ म्हणून किंवा हिवाळ्यातली रिपरिप म्हणून. पावसाचा स्वतंत्र ऋतू हवा असेल तर हिंदुस्थानी संगीतातले मल्हार आहेत. इथे थेंबांचा किंवा गडगडाटाचा आवाज काढायची गरज नसते. स्वरांच्या लगावातूनच ऋतू उभा राहतो.

शांततेसाठी मियाँ मल्हार निवडा. तो गंभीर आहे आणि मंद्र-मध्य सप्तकात जास्त रमतो. त्यातला आंदोलित, म्हणजे हळू झुलवलेला, कोमल गंधार आणि लगोलग येणारे दोन निषाद, या दोन जागांवर कान ठेवा. गौड मल्हार किंवा वसंतातला बहार हे गोड खरे, पण चंचल; ते सकाळी कामाला लागताना जास्त शोभतात. निवडीचा नियम इथेही तोच: आलाप आणि विलंबित ऐका, द्रुत सुरू झालं की थांबा. वाद्यसंगीत असेल तर 'झाला' हा शेवटचा अतिजलद भाग सुरू होण्याआधी.

७. झोपण्यापूर्वी लावायचं असेल तर

पंधरा-वीस मिनिटांचा टायमर लावा आणि 'पुढचं आपोआप लावा' ही सोय बंद करा. नाहीतर तुमचा डोळा लागल्यावर ॲप स्वतःच्या मर्जीने 'ग्रीष्म' लावतं. यादी दोन किंवा तीनच तुकड्यांची ठेवा आणि काही आठवडे तीच वापरा. रोज नवं काही लावलं की मन पुढे काय येणार याचा माग काढत जागं राहतं. ओळखीचं असलं की सोडून देतं. हेडफोन लावून झोपण्यापेक्षा खोलीत लांब ठेवलेला छोटा स्पीकर बरा.

नुसते पक्ष्यांचे आणि पाण्याचे आवाज लावून झोपणाऱ्यांनी फिनलंडचा संगीतकार राउतावारा याचं १९७२ चं 'कॅन्टस आर्क्टिकस' एकदा ऐकावं. त्यात उत्तरेकडच्या खऱ्या पक्ष्यांचं रेकॉर्डिंग वाद्यवृंदासोबत वाजतं. मधल्या भागात एका चंडोलाचा आवाज दोन सप्तकं खाली उतरवलाय, त्यामुळे एवढासा पक्षी कुठल्यातरी अजस्र प्राण्यासारखा गातो. तिसऱ्या भागात हंस स्थलांतराला निघतात आणि आवाज चढत जातो, म्हणून टायमर दुसऱ्या भागाअखेरचा लावा.