टूर ऑफ द आल्प्स कशी बघायची

एप्रिलात जळगावला दुपारी बाहेर पाय टाकवत नाही, मग कूलर लावा अन् ही सायकल रेस बघा, पाचच स्टेज (रोजचा एक टप्पा), इटली-ऑस्ट्रियाच्या डोंगरातून. रोज कोण जिंकलं यात अडकू नका, सगळ्या स्टेजचा टाईम मिळून ज्याचा सर्वात कमी तो लीडर, हिरवी जर्सी त्याची. खरी मजा शेवटच्या चढावर. सपाटीवर पुढच्याच्या मागे लपून वारा चुकवता येतो, चढावर स्पीडच कमी म्हणून तो फायदा फारसा राहत नाही (कन्नड घाट सायकलने चढलेल्यांना हे सांगायला नको). लीडरजवळ टीमचे किती जण उरले ते मोजत रहा, एकटा पडला की बाकीचे अटॅक करणारच, म्हणजे एकदम जोर लावून पुढे सुटणार. खांदे डोलायला लागले, तोंड उघडं पडलं की समजा गडी संपला. उतारावर चहा ठेवायला उठू नका भो, तिथंपण सेकंद जातात.