पावसाळ्यात रीसेट होणारा अ‍ॅक्सल काउंटर

लोकल सुटली की अ‍ॅक्सल काउंटरचं, म्हणजे रुळावरून जाणारे गाडीचे अ‍ॅक्सल मोजणाऱ्या यंत्राचं, इलेक्ट्रॉनिक कार्ड रीसेट, तेही फक्त पावसाळ्यात. मुंबईतल्या खाडीकाठच्या सिग्नल हटमधली ही तक्रार. कार्ड बदलण्याआधी अर्थिंग बघा. पिटची (अर्थिंगच्या खड्ड्याची) जोडणी सोडवून रोधाचं मोजमाप घेतलं, जमिनीत ठोकलेल्या चाचणीच्या सळ्यांपैकी करंट स्पाइक 30 मीटरवर, पोटेन्शियल स्पाइक 18.5 मीटरवर: 0.8 ओहम. पिट ठणठणीत! दोष निघाला बसबारवरच्या (अर्थिंगच्या तारा जोडायच्या तांब्याच्या पट्टीवरच्या) लगमध्ये, म्हणजे तारेच्या टोकाच्या जोडणीत. वरून चकचकीत, बोल्ट सैल केल्यावर खाली हिरवी-पांढरी भुकटी. तांब्यावर जस्ताचा वॉशर आणि खारी हवा, गंज चढणारच. पृष्ठभाग घासून कलईची तांब्याची लग, स्टेनलेस बोल्ट, वर पेट्रोलियम जेली लावली, रीसेट थांबले. म्हणून नुसता पिट मोजू नका, पॅनेलपासून पिटपर्यंतची कंटिन्युइटीही (जोडणी कुठे तुटली नाही ना) तपासा. ओएचई (रुळांवरच्या विजेच्या तारा) खांबाच्या बाँडला, म्हणजे अर्थिंगच्या जोडतारेला, मात्र पॉवर ब्लॉकशिवाय (रीतसर वीज बंद करून घेतल्याशिवाय) हात लावायचा नाही. 25 केव्हीची लाइन आहे, जिवाशी खेळ नको.