अंत्यविधीचा खर्च: घरात आधी बोलून आणि लिहून ठेवण्याच्या गोष्टी

घरात कोणी फार वृद्ध असेल किंवा दुखणे आता बरे होण्यातले नाही असे डॉक्टरांनी सांगितले असेल, तर सर्वांत आधी दोन माणसे ठरवावीत: एक विधी करणारा आणि दुसरा केवळ पैशांचा व्यवहार पाहणारा. आपल्याकडे ज्याच्या खांद्यावर मडके, त्याच्याच खिशात पाकीट, अशी रीत पडून गेली आहे. ओल्या अंगाने उभ्या असलेल्या मुलाकडे कोणी काही मागितले, तर तो भाव विचारत नाही, त्याला ते सुचतही नाही. म्हणून पैशांचे काम जावई, भाचा, पुतण्या किंवा जवळचा शेजारी अशा एखाद्या शांत माणसाकडे द्यावे, त्याच्याजवळ एक लहान वही असावी, आणि नातेवाइकांपैकी कोणी जागेवर पैसे दिले असतील तर त्याची नोंद त्याच दिवशी त्या वहीत व्हावी. भावाभावांतले अबोले तेराव्यानंतरच्या हिशेबातून सुरू झालेले मी पाहिले आहेत. खर्च जास्त झाला याचे कोणालाच फारसे वाईट वाटले नव्हते, कोणी किती दिले हे कोठेच लिहिलेले नव्हते याचे वाटले होते.

शहरात पहिल्या दिवसासाठी दहा ते पंधरा हजार रुपये रोख, त्यांत शंभर-दोनशेच्या नोटा पुरेशा, वेगळ्या पाकिटात घरी ठेवावेत असे माझे मत आहे. ते सगळे लागतीलच असे नाही, पण पहाटे तीन वाजता एटीएम शोधत फिरण्याची वेळ येत नाही. गेलेल्या माणसाचे कार्ड आणि पिन वापरून त्याच्या खात्यातून पैसे काढणे मात्र नियमात बसत नाही, आणि पुढे वारसांमध्ये संशयाला तेच निमित्त होते. त्यापेक्षा हयातीतच एक खाते पती-पत्नीच्या किंवा मुलाच्या जोडीने, 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असणारा' या अटीवर करून घ्यावे, आणि प्रत्येक खाते, मुदत ठेव व पोस्टातील बचत यांवर नामनिर्देशन आहे की नाही हे पासबुक उघडून प्रत्यक्ष पाहावे.

मृत्यू घरी झाला तर पहिला कागद लागतो तो डॉक्टरांचा. शेवटच्या आजारात ज्यांनी उपचार केले, त्यांनी मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र द्यायचे असते. घरी झालेल्या मृत्यूसाठी त्याचा नमुना 4अ आणि रुग्णालयातल्या मृत्यूसाठी नमुना 4 असतो, आणि जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, 1969 नुसार या प्रमाणपत्रासाठी शुल्क घ्यायचे नसते. घरी येऊन तपासण्याची फी ही वेगळी गोष्ट आहे आणि ती देण्यात संकोच नसावा. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना आजच विचारून ठेवावे की रात्री-अपरात्री ते येऊ शकतील का, आणि ते गावात नसतील तर कोणाला बोलवावे. कारण हा कागद नसेल तर स्मशानभूमीत पुढचे काही होत नाही, आणि अशा अडचणीच्या वेळी अनोळखी डॉक्टर सांगेल ती रक्कम माणूस मुकाट्याने मोजतो. आधारकार्ड, रुग्णालयाचे शेवटचे डिस्चार्ज कार्ड आणि अलीकडची औषधांची चिठ्ठी एकाच पिशवीत ठेवली, की हे काम सुकर होते. अपघात, आत्महत्या किंवा संशयास्पद मृत्यू असेल तर पोलिस पंचनामा आणि शवविच्छेदन होते. तेथे पंचनाम्याची व अहवालाची प्रत मागून घ्यावी, कारण विम्याच्या दाव्याला तीच लागते.

मृत्यू रुग्णालयात झाला तर बिलाची तपशीलवार प्रत मागावी, परंतु बिलाचा वाद मिटेपर्यंत मृतदेह अडवून ठेवता येत नाही, हे घरातील निदान एका माणसाला ठामपणे माहीत असावे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्णहक्क सनदेत नातेवाइकांचा हा हक्क स्पष्टपणे नोंदवला आहे. त्यानंतर प्रश्न येतो गाडीचा. माझ्या वडिलांच्या वेळी रुग्णालयाच्या दारात उभ्या असलेल्या खाजगी गाडीवाल्याने चार किलोमीटरांसाठी जी रक्कम सांगितली, ती आम्ही न बोलता दिली. महापालिकेच्या शववाहिकेचा क्रमांक त्याच इमारतीतल्या फलकावर लिहिलेला होता, हे आम्हांला दुसऱ्या दिवशी कळले. म्हणून आपल्या महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या शववाहिकेचा आणि एखाद्या सेवाभावी संस्थेच्या गाडीचा क्रमांक आजच फोनमध्ये नोंदवून ठेवावा आणि तो रात्री उचलला जातो का हे एकदा फोन करून पाहावे. देह गावी न्यायचा असेल, तर भाडे एका फेरीचे आहे की येण्याजाण्याचे, टोल कोणाकडे, चालकाच्या थांबण्याचे वेगळे पैसे आहेत का, हे निघण्यापूर्वी संदेशात लिहून घ्यावे. मृतदेहाची वाहतूक आणि अंत्यसंस्काराची सेवा या दोन्ही वस्तू व सेवा कराच्या कक्षेबाहेर आहेत, तेव्हा त्यांच्या बिलात जीएसटीची ओळ दिसली तर ती का लावली हे विचारावे. परदेशातील मुलांची वाट पाहायची असेल तर शीतपेटी भाड्याने आणावी लागते. तिचे भाडे दिवसावर असते आणि आणण्या-नेण्याचे पैसे बहुधा निराळे, म्हणून किती तास थांबायचे हे मुलांशी बोलून आधीच ठरवलेले बरे.

दहनाचा खर्च लोकांना वाटतो तेवढा नसतो. पालिकांच्या स्मशानभूमीतील विद्युत आणि गॅसदाहिनीचे दर बहुतेक ठिकाणी अल्प असतात, काही ठिकाणी काहीच आकारले जात नाही, आणि मुंबईत तर चितेचे लाकूडही महापालिकाच पुरवते. पारंपरिक चितेला साधारण 300 ते 400 किलो लाकूड लागते. जेथे ते विकत घ्यावे लागते तेथे पावसाळ्यात ओल्या लाकडामुळे तूप, रॉकेल आणि वेळ तिन्ही वाढतात, हेही लक्षात ठेवावे. नागपुरात शेतातील काडीकचऱ्यापासून केलेले 'मोक्षकाष्ठ' वापरण्याची सोय झाली आहे. दाहिनी की चिता हा प्रश्न श्रद्धेचा आहे आणि त्यात बाहेरच्याने बोलू नये, परंतु त्याचे उत्तर ज्याचे आहे त्याच्याच तोंडून, तो बोलू शकतो तोवर, ऐकून घ्यावे. एरवी स्मशानाच्या फाटकात चुलत्यांचे एक मत आणि मुलींचे दुसरे अशी ओढाताण होते आणि शेवटी अधिक खर्चाचा पर्यायच मान राखणारा ठरतो. निघण्यापूर्वी स्मशानभूमीत फोन करून दाहिनी चालू आहे का, आधी किती नंबर आहेत आणि कोणते कागद लागतील, हे विचारावे. देहात पेसमेकर असेल तर दहनापूर्वी तो काढून घ्यावाच लागतो, कारण उष्णतेने त्याचा स्फोट होऊ शकतो; हे डॉक्टरांना रुग्णालयातच सांगितले तर काम लगेच होते. दहनाची पावती घेताना नाव, वय आणि पत्ता तेथेच वाचून पाहावा. लिंगायत, ख्रिस्ती आणि मुस्लिम कुटुंबांत दफनाची जागा व तिचे शुल्क समाजाची संस्था, चर्च किंवा कब्रस्तानचे विश्वस्त ठरवतात, तेव्हा चौकशी तेथेच करावी.

तिरडीचे सामान बहुतेक गावांत एकाच दुकानात मिळते: बांबू, सुतळी, पांढरे कापड, मडके, गोवऱ्या, कापूर, तूप, तीळ, गुलाल, तुळस, हार. दुकानदार 'पूर्ण सेट' देतो आणि त्यात चंदनाच्या काड्यांपासून अत्तरापर्यंत बरेच काही घातलेले असते. जे नको ते काढायला सांगण्यात काही वाईट नाही, आणि हे सांगणारा माणूस वहीवालाच असावा.

खरा खर्च पुढच्या बारा दिवसांत होतो, आणि या यादीतील सर्वांत अवघड बोलणे त्याविषयीच आहे. तिसऱ्या दिवशी सावडणे, मग अस्थिविसर्जन, दहाव्याला घाटावरचा विधी, अकरावा, बारावा आणि तेराव्याला गोडाचे जेवण, या प्रत्येक टप्प्यावर गुरुजी, साहित्य, दाने, भांडी, वस्त्रे, मंडप आणि पंगत असे पैसे जातात. गुरुजींशी दक्षिणेचे बोलणे विधीच्या आदल्या दिवशी करावे आणि 'साहित्यासह किती, दानांसह किती' असे दोन आकडे विचारावेत. बरेचसे गुरुजी परिस्थिती सांगितली की स्वतःच विधी आटोपशीर करून देतात, फक्त आपण मोकळेपणाने सांगत नाही. नाशिकला रामकुंडावर अस्थी नेणार असाल, तर गाडीभाडे आणि तेथील पुरोहितांची दक्षिणा हा स्वतंत्र खर्च धरावा. जवळच्या नदीत केलेले विसर्जनही विसर्जनच असते, आणि कोल्हापूर-सांगलीकडे तर रक्षा नदीत न सोडता शेतात मिसळून वर झाड लावणारी कुटुंबे आता पुष्कळ दिसतात. पुरोहिताशिवाय सत्यशोधक पद्धतीने विधी करण्याची वाटही महाराष्ट्रात महात्मा फुल्यांपासून आहे.

पंगतीबद्दल मला कळकळीने सांगायचे आहे. आजारपणात घरातली शिल्लक संपलेली असते, रुग्णालयाचे देणे उरलेले असते, आणि तरीही भावकी काय म्हणेल या धास्तीने माणूस सोने गहाण ठेवून किंवा सावकाराकडून पैसे काढून दोन-दोनशे पाने वाढतो. ज्या आईला आपण औषधाच्या गोळ्या अर्ध्या करून दिल्या, तिच्या नावाने ही पंगत उठते, हे पाहताना फार वाईट वाटते. म्हणून तेराव्याला कोणाला बोलवायचे याची संख्या घरातील वडीलधाऱ्यांनी आपल्या हाताने लिहून ठेवावी. 'माझ्या मागे घरच्यांपुरतेच जेवण करा' हे वाक्य आजीच्या अक्षरात असेल, तर मुलांना भावकीपुढे मान खाली घालावी लागत नाही. आहेर, टोपी-टॉवेल आणि दुखवट्याची वस्त्रे घेणार नाही, देणार नाही, असे निरोपातच कळवले तर येणाऱ्यांचाही खर्च वाचतो.

मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत करायची असते, आणि ती राहत्या पत्त्यावर होत नाही, मृत्यू जेथे झाला त्या हद्दीत होते. उशीर झाला तर विलंब शुल्क, परवानगी, स्वतः सही करून द्यायचा कागद अशी वाट लांबत जाते आणि एक वर्ष उलटले तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही. अर्जातील नाव आधारकार्ड, सातबारा आणि बँकेतील नावाशी अक्षर न् अक्षर जुळते का हे पाहावे. 'विठ्ठल' आणि 'विट्ठल' यांतला फरक पुढे कैक चकरांना पडतो. माहिती देणाऱ्यास पहिला उतारा विनामूल्य मिळतो, पण बँका, विमा, पेन्शन, घर आणि गॅसजोडणी धरता आठ-दहा प्रती एकाच वेळी घेतलेल्या सोयीच्या.

परत मिळू शकणारे पैसे कोणते, हे त्याच आठवड्यात पाहावे. मृत व्यक्ती कर्मचारी राज्य विमा योजनेत असेल तर अंत्यविधीच्या खर्चापोटी 15,000 रुपयांपर्यंत मिळतात आणि त्याचा दावा तीन महिन्यांत करायचा असतो. नोंदणीकृत बांधकाम कामगाराच्या मृत्यूनंतर राज्याच्या कल्याणकारी मंडळाकडून अंत्यविधीसाठी 10,000 रुपयांची मदत मिळू शकते. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील 18 ते 59 वयाची कमावती व्यक्ती गेली, तर राष्ट्रीय कुटुंब अर्थसाहाय्य योजनेतून 20,000 रुपयांसाठी तहसील कार्यालयात अर्ज करावा. बँकेच्या पासबुकात मेअखेरीस 436 किंवा 20 रुपये वजा झालेले दिसले, तर तो अनुक्रमे जीवनज्योती किंवा सुरक्षा विम्याचा हप्ता असतो. पहिल्यात कोणत्याही कारणाने झालेल्या आणि दुसऱ्यात अपघाती मृत्यूला दोन लाखांचे संरक्षण असते, आणि घरच्यांना याचा पत्ताच नसल्याने दावे राहून जातात.

देहदानाची इच्छा असेल तर जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाचा अर्ज भरून त्यावर घरच्यांच्या सह्या घ्याव्यात, कारण शेवटी संमती त्यांचीच लागते. शवविच्छेदन झाले असेल किंवा संसर्गजन्य आजार असेल तर देह स्वीकारला जात नाही, तेव्हा दहनाची तयारीही जोडीला असू द्यावी. नेत्रदान मृत्यूनंतर सहा तासांच्या आत करायचे असते, त्याला खर्च नाही आणि त्यामुळे पुढचे विधीही अडत नाहीत.

हे सगळे एका कागदावर यावे: चिता की दाहिनी, कोणते विधी, किती पाने, अस्थी कोठे, खर्चाची कमाल मर्यादा, वही कोणाकडे, डॉक्टरांचा आणि शववाहिकेचा क्रमांक, विमा आणि खात्यांची यादी. कागदावर तारीख आणि सही असावी, आणि तो बँकेच्या लॉकरमध्ये मुळीच ठेवू नये, कारण लॉकर उघडेपर्यंत तेरावा होऊन गेलेला असतो. घरातल्या कपाटात, रेशनकार्डाच्या फाइलमध्ये तो ठेवावा आणि निदान दोघांना, त्यांपैकी एक शेजारचा, ती फाइल कोठे आहे हे दाखवून ठेवावे.