ऑपरेटिंग सिस्टिमचं पाठ्यपुस्तक आणि सॉफ्टवेअर: बांधणी कशी करावी, किंमत कशी लावावी

आधी परवाना वाचा. सॉफ्टवेअर लिनक्स या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमवर बेतलेलं असेल, तर तिच्या जीपीएल या परवान्यानुसार प्रत देण्याचे पैसे घेता येतात. पण सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, द्यावाच लागतो आणि घेणाऱ्याला पुढे प्रती वाटायचा हक्क असतो. म्हणजे सॉफ्टवेअरला लावलेली जबर किंमत टिकत नाही. उलट उदाहरण मिनिक्सचं. शिकवण्यासाठी केलेली ही ऑपरेटिंग सिस्टिम १९८७ साली अँड्र्यू टॅनेनबॉम यांच्या पाठ्यपुस्तकासोबत आली. कोड वाचायला खुला होता, पण मुक्तपणे वाटायची मुभा नव्हती. ती २००० साली बीएसडी या खुल्या परवान्याने मिळाली. तोवर लिनक्स कितीतरी पुढे गेलं होतं. म्हणून माझं ठाम मत आहे: सॉफ्टवेअर डाउनलोडला फुकट ठेवा, कमाई पुस्तकातून करा.

मग बांधणी. पुण्यात शिकायला आलेल्या मुलाकडे बहुधा एकच लॅपटॉप असतो, त्यावर विंडोज आणि प्रोजेक्टचं सगळं काम. त्याला हार्ड डिस्कची वाटणी करायला लावू नका. क्यूईएमयू किंवा व्हर्च्युअलबॉक्समध्ये (विंडोजच्या आतच दुसरी सिस्टिम चालवणारे प्रोग्राम) थेट चालणारी तयार इमेज, म्हणजे अख्ख्या सिस्टिमची एक फाइल, द्या आणि तिचा एसएचए-२५६ चेकसम, म्हणजे फाइल जशीच्या तशी आली का हे पडताळायचा कोड, पुस्तकात छापा. डाउनलोड जड जात असेल त्यांच्यासाठी पेन ड्राइव्ह ठेवा, तोही पुस्तकापासून वेगळा.

वेगळा ठेवण्यामागे कराचं कारणही आहे. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, सॉफ्टवेअर भरलेल्या पेन ड्राइव्हवर १८ टक्के आहे. दोन्ही एकाच किमतीच्या संचात घातले, तर अख्ख्या संचावर वरचा दर लागू शकतो. सीएला विचारूनच बिल करा.

पुस्तकात एकदाच चालणारा ॲक्टिव्हेशन कोड मात्र कधीही घालू नका. पुण्यातल्या पुस्तकांच्या बाजारात, अप्पा बळवंत चौकात, हेच पुस्तक पुढच्या वर्षी जुनं म्हणून विकलं जाईल, आणि ज्याला नवं परवडत नाही तोच ते घेईल. त्याच्या हाती अर्धवट पुस्तक देणं मला पटत नाही. शिवाय अर्ध्या किमतीत परत विकता येतं हे ठाऊक असलं, की पहिला गिऱ्हाईकही नवं घ्यायला कचरत नाही.

आता किंमत. समजा, छपाई-बाइंडिंग प्रतीमागे ११० रुपये आणि छापील किंमत ३००. विक्रेत्याचं कमिशन ३५ टक्के धरलं तर १०५ गेले, हाती १९५ आले. छपाई वजा जाता ८५ उरले. यातून १० टक्के रॉयल्टीचे ३० द्या, उरलेल्या ५५ मध्ये डीटीपी (पानांची संगणकावरची जुळणी), वाहतूक आणि न खपलेल्या प्रती बसवा. पुस्तक करमुक्त असल्याने छपाईच्या बिलातला जीएसटी परत मिळत नाही, तो खर्चातच धरा. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, भारतात मोफत मिळतो. त्यासाठी कुणा एजंटला पैसे देऊ नका.

पहिला लॉट दोन-तीनशे प्रतींचा डिजिटल छपाईवर काढा. प्रतीला थोडं जास्त पडतं, पण लॅबमध्ये मुलं जिथे अडतात ती पानं दुसऱ्या लॉटमध्ये दुरुस्त करता येतात. ऑफसेटवर मोठा लॉट त्यानंतर, सत्र सुरू होण्याच्या महिनाभर आधी.