टर्मिनल रंगवायच्या आधी हिस्टरी नीट लावून घ्या

लिनक्सवर नवीन आलं की आपण आधी प्रॉम्प्ट रंगीत करतो, थीम लावतो. करा की, छान दिसतं, पण मला विचाराल तर पहिली सेटिंग हिस्टरीची, म्हणजे आधी दिलेल्या कमांडच्या यादीची. तासभर डोकं लावून जमवलेली आरसिंकची (फाइल कॉपी करायचं टूल) लांबलचक कमांड दोन महिन्यांनी परत हवी होती आणि वरचा बाण कितीही दाबला तरी मिळाली नाही, कारण ती कधीच पुसली गेली होती, तेव्हापासून नवीन मशीनवर मी हेच आधी करतो.

बॅश, म्हणजे टर्मिनलमध्ये आपल्या कमांड चालवणारं शेल, स्वतःहून फक्त 500 कमांड लक्षात ठेवतं. उबुंटू नि डेबियनमध्ये ते 1000 केलेलं असतं आणि डिस्कवरच्या फाइलला 2000 ओळींची मर्यादा, रोज टर्मिनल वापरणाऱ्याला ते काहीच नाही. हे सगळं होम फोल्डरमधल्या डॉट बॅशआरसी फाइलमध्ये असतं. आधी तिची कॉपी काढून ठेवा, मग नॅनो एडिटरमध्ये उघडा आणि हिस्टसाइझ नि हिस्टफाइलसाइझ या ओळी शोधा, दोन्ही नावं कॅपिटलमध्ये असतात. दोन्हींपुढचा आकडा काढून -1 लिहा, म्हणजे मर्यादाच नाही (बॅश 4.3 पासून चालतं). पण जुन्याच ओळी बदला हां, खाली नवीन टाकून जुन्या तशाच ठेवू नका, कारण वरची 2000 वाली ओळ वाचली की बॅश लगेच फाइल तेवढ्यावर कापतं, मग खाली काहीही लिहा, गेलेलं परत येत नाही.

तिथेच हिस्टकंट्रोल दिसेल, त्यात इग्नोरबोथ असू द्या. लागोपाठ तीच कमांड दिली तर दोनदा साठत नाही, आणि आधी एक स्पेस देऊन टाइप केलेली कमांड साठतच नाही. पासवर्ड किंवा टोकन असलेली कमांड नेहमी अशी आधी स्पेस देऊनच द्या. हिस्टअपेंड पण चालू आहे ना बघा, नाहीतर दोन टर्मिनल उघडे असताना शेवटी बंद होणारा आधीच्याची हिस्टरी पुसू शकतो.

आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट. होममध्येच डॉट इनपुटआरसी नावाची फाइल करा, कुठली की काय करेल ते तिच्यात ठरतं. पहिल्या ओळीत डॉलर चिन्ह लावून इन्क्लूड आणि पुढे ईटीसी या सिस्टिमच्या फोल्डरमधल्या इनपुटआरसीचा पाथ, हे विसरू नका, कारण तुमची फाइल असली की सिस्टिमची वाचलीच जात नाही आणि होम, एंडसारख्या कीज बिघडू शकतात. मग वरच्या बाणाला हिस्टरी-सर्च-बॅकवर्ड आणि खालच्याला हिस्टरी-सर्च-फॉरवर्ड जोडा. बाणाचा कोड असा लिहायचा: डबल कोट्समध्ये बॅकस्लॅश, छोटा ई, उघडणारा चौकोनी कंस, मग वरच्यासाठी कॅपिटल ए आणि खालच्यासाठी कॅपिटल बी, कोट्स बंद केल्यावर कोलन आणि ते नाव. आता नुसतं आरसिंक टाइप करून बाण दाबा, फक्त आरसिंकने सुरू होणाऱ्याच कमांड येतात! अजून एक ओळ, सेट कम्प्लीशन-इग्नोर-केस ऑन, मग टॅब दाबताना कॅपिटल-स्मॉलची कटकट राहत नाही.

इनपुटआरसी लगेच लागू करायला कंट्रोल-एक्स, मग कंट्रोल-आर. बॅशआरसीसाठी नवीन टर्मिनल उघडा, पण जुना चालू ठेवा, चुकून काही बिघडलं तर त्यातूनच कॉपी परत आणता येते. बॅशऐवजी झेडशेल हे दुसरं शेल वापरत असाल तर यातलं काही लागू नाही, त्याच्या सेटिंग्ज वेगळ्या.