जोखीम यंत्राची नव्हे, सेवेची मोजा: पाणी-वीज यंत्रणांच्या सुरक्षेत या चुका टाळा

नागपूरचे सांडपाणी भांडेवाडीला शुद्ध होते आणि त्यातील मोठा हिस्सा कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्राला पुरवला जातो. कोराडीची वीज ग्रीडमध्ये जाते, ग्रीडच्या विजेवर पेंच आणि कन्हानचे पाणी शहराकडे आणणारे पंप चालतात, आणि घरोघरी वापरलेले तेच पाणी पुन्हा भांडेवाडीची वाट धरते. जोखमीची नोंदवही मात्र प्रत्येक यंत्रणा आपापल्या कुंपणापर्यंतच लिहिते, आणि माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. ‘सर्व्हर बंद पडणे: शक्यता मध्यम, परिणाम मध्यम’ अशा ओळींनी तक्ता भरतो, पण आठ तास वीज नसेल तर कोणत्या जलकुंभात किती पाणी उरेल आणि कोणते रुग्णालय आधी कोरडे पडेल, हे त्यात सापडत नाही. म्हणून आधी सेवा लिहा, मग ती कशाकशावर उभी आहे हे मागे मागे जात शोधा आणि त्या बैठकीला शेजारच्या यंत्रणेचा अभियंता बोलवा.

दुसरी चूक म्हणजे ‘आमची स्काडा (पंप, व्हॉल्व्ह, ब्रेकर दुरून पाहणारी व चालवणारी संगणक प्रणाली) इंटरनेटपासून वेगळी आहे’ हे वाक्य न तपासता मान्य करणे. नकाशावर ती वेगळी असते. पॅनेल उघडले की कंत्राटदाराने दुरुस्तीसाठी बसवलेला सिमकार्डाचा मोडेम, स्काडा आणि इंटरनेट या दोन्ही जाळ्यांना जोडलेला एखादा संगणक किंवा फायरवॉलमधील (जाळ्यात काय येऊ-जाऊ द्यायचे हे ठरवणाऱ्या पहारेकऱ्यातील) जुना ‘तात्पुरता’ नियम निघतो. त्यामुळे नकाशा बाजूला ठेवून केबलच्या मागे प्रत्यक्ष चालत जावे. दूरस्थ प्रवेश गरजेपुरताच, ठरलेल्या वेळेत आणि दुहेरी पडताळणीनेच द्यावा; काम संपताच खाते बंद करावे. 2021 मध्ये अमेरिकेतील कलोनियल पाइपलाइन या इंधनवाहिनी कंपनीत हल्लेखोर शिरले, ते वापरात नसलेल्या पण चालू राहिलेल्या एका व्हीपीएन (दुरून कंपनीच्या जाळ्यात शिरण्याच्या) खात्यातून, आणि त्या खात्याला दुहेरी पडताळणी नव्हती.

सुरक्षा नियंत्रकाची, म्हणजे धोका दिसताच प्रकल्प आपोआप थांबवणाऱ्या उपकरणाची, चावी ‘प्रोग्राम’ (नवा प्रोग्राम स्वीकारण्याच्या) स्थितीत सोडू नये. 2017 मध्ये सौदी अरेबियातील एका पेट्रोरसायन प्रकल्पात ती तशी राहिल्यामुळे घातक प्रोग्राम नियंत्रकात उतरवता आला.

नागपूरच्या उन्हाळ्याचीही नोंद घ्यायला हवी. शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य 25 अंशांच्या वर दर 10 अंशांना साधारण निम्मे होते. वातानुकूलन बंद पडलेल्या केबिनमधील यूपीएसवर मे महिन्यात विसंबता येत नाही. त्याची चाचणी भार देऊनच करावी, नुसता हिरवा दिवा पाहून नव्हे.

घटना घडल्यावर तपास अडतो तो बहुधा घड्याळांपाशी. पीएलसी (यंत्रे चालवणारे छोटे नियंत्रक संगणक), सर्व्हर आणि फायरवॉल यांच्या वेळा जुळत नसतील, तर आधी काय घडले हेच ठरत नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 2022 च्या निर्देशांनुसार सायबर घटना 6 तासांत कळवावी लागते आणि लॉग (यंत्रणेतील घडामोडींच्या आपोआप होणाऱ्या नोंदी) 180 दिवस जपावे लागतात. वेळा एकसारख्या ठेवणेही त्याच निर्देशांत आहे.

आणि हाताने यंत्रणा चालवण्याचा सराव सोडू नये. 23 डिसेंबर 2015 रोजी युक्रेनमध्ये हल्लेखोरांनी दूरवरून ब्रेकर (वीजप्रवाह जोडणारे-तोडणारे मोठे स्विच) उघडून सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज घालवली, तेव्हा कर्मचाऱ्यांनी उपकेंद्रांवर जाऊन ब्रेकर हाताने पुन्हा जोडले आणि काही तासांत पुरवठा परत आला. आपल्या पंपगृहात रात्रपाळीला असलेल्या माणसाला व्हॉल्व्ह हाताने फिरवता येतो का, हे त्याच्यासोबत उभे राहून, रात्रीच तपासावे.