बॅटलटेकमध्ये मेक कसा लढवावा: वॉरहॅमर हाताशी धरून

बॅटलटेक हा मेकचा, म्हणजे आत पायलट बसून चालवतो त्या महाकाय लढाऊ यंत्रमानवांचा, पटावरचा खेळ १९८४ साली अमेरिकेत ‘बॅटलड्रॉइड्स’ या नावाने आला आणि पुढच्या वर्षी त्याला आजचं नाव मिळालं. षटकोनी घरांचा नकाशा, दोन फासे आणि प्रत्येक मेकचा एक कागद एवढ्यावर तो आजही खेळला जातो. नवे खेळाडू तो कागद हातात घेतला की थेट तोफांच्या यादीकडे वळतात. माझं ठाम मत आहे की लढाई चालीत जिंकली जाते आणि तोफा तिची वसुली करतात.

उदाहरणासाठी ७० टनी वॉरहॅमर डब्ल्यूएचएम-६आर घेऊ. याच नावाचा दुसरा एक प्रसिद्ध खेळ आहे, त्याच्याशी गल्लत करू नका. या मेकच्या दोन हातांत दोन पीपीसी, म्हणजे कणांचा झोत फेकणाऱ्या मोठ्या तोफा आहेत. त्यांशिवाय दोन मीडियम लेझर, काही जवळची हत्यारं आणि मेकची उष्णता (हीट) शोषणारे १८ हीट सिंक. घरं ओलांडायला चालताना ४ गुण, धावताना ६.

पहिलं काम: दोन्ही बाजूंचा आकडा मोजा

साधारण पायलटची नेमबाजी ४ असते. त्यात तुमची चाल मिळवायची (चाललात तर १, धावलात तर २, उडी मारलीत तर ३), मग अंतर, मग समोरचा किती घरं हलला ते, आणि शेवटी झाडी. जी बेरीज येईल तेवढं किंवा त्याहून जास्त दोन फाशांवर पडायला हवं.

समजा तुम्ही सरळ तीन घरं चाललात आणि तिसरं घर विरळ झाडीचं आहे. १, १ आणि २ असे चारही गुण संपले. समोरचा मेक सहा घरांवर मोकळ्यात, दोनच घरं चाललेला. पीपीसीला सहा घरं म्हणजे जवळचा पल्ला, म्हणून तुम्हाला हवेत ४ + १ = ५. फाशांच्या ३६ जोड्यांपैकी ३० तुमच्या बाजूच्या. आता त्याच्याकडून बघा. त्याच्याकडे मीडियम लेझर आहेत आणि त्यांना सहा घरं म्हणजे मधला पल्ला. ४, चालल्याचा १, पल्ल्याचे २, तुम्ही तीन घरं हललात त्याचा १, झाडीचा १, म्हणजे ९. त्याच्या बाजूला ३६ पैकी फक्त १०. एकही गोळी सुटण्याआधी एवढा फरक पडला. तुम्ही स्वतः ज्या झाडीत उभे आहात ती तुमच्या नेमाला आडवी येत नाही, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा.

पीपीसी तीन घरांच्या आत अडखळते. तीन घरांवर १, दोनवर २, अगदी लगत ३ असा दंड बसतो. त्यामुळे वॉरहॅमरची जागा शत्रूपासून चार ते सहा घरांवर.

हीट खर्चाच्या वहीसारखी लिहा

खेळाचा खरा जीव इथे आहे. एक पीपीसी १० हीट तयार करते, चालण्याची १. दोन्ही पीपीसी चालवल्या की २१, त्यातली १८ सिंक खेचून घेतात, ३ उरते. दुसऱ्या फेरीतही तेच केलंत तर ६. हीट पाच किंवा जास्त झाली की चालीचा एक गुण जातो, म्हणजे वरची झाडीतली चाल आता जमणार नाही. तिसऱ्यांदा ९, आणि आठपासून पुढे प्रत्येक नेमावर १ चढतो. १४ ला मेक बंद पडायची भीती, १९ ला पोटातला दारूगोळा फुटायची.

म्हणून दुसऱ्या फेरीत एकच पीपीसी आणि दोन्ही मीडियम लेझर चालवा. १० + ३ + ३ + १ = १७, उरलेली ३ उलट २ वर येते. सगळं लागलं तर नुकसान तेवढंच, २०. लेझरचा नेम अवघड होतो हे खरं, पण पाय शाबूत राहतात.

पाठ सांभाळा

या मेकच्या छातीवर २२ चिलखत आहे, पाठीवर ९. पीपीसीचा एक फटका १० चा, तो पाठीतून थेट आत शिरतो. वळायला प्रत्येक बाजूमागे एक गुण लागतो, तो राखूनच चाल ठरवा. इनिशिएटिव्ह, म्हणजे फेरीच्या सुरुवातीला क्रम ठरवणारे फासे, हरलेल्याला आधी हलवावं लागतं. तुमच्याकडे अनेक मेक असतील तर अशा वेळी ज्याची जागा फारशी महत्त्वाची नाही तो आधी हलवा, वॉरहॅमर शेवटी.

पाडा आणि लाथ घाला

एका गोळीबारात २० किंवा जास्त नुकसान झालं की समोरच्या पायलटला तोल सांभाळण्यासाठी फासे टाकावे लागतात. पडला तर चिलखत जातंच, पायलटलाही इजा होऊ शकते. लगतच्या घरात असाल तर लाथ विसरू नका. हातातली पीपीसी चालवली की त्या हाताने ठोसा मारता येत नाही, लाथ मात्र मारता येते, आणि तिची हीट शून्य. ७० टनांची लाथ १४ ची बसते. वॉरहॅमरच्या स्वतःच्या पायावर चिलखत १५ असतं, यावरून अंदाज घ्या. चुकली तर तोल तुम्हाला सांभाळावा लागतो.

पायलट

सहा इजा झाल्या की पायलट मरतो, आणि त्याआधी प्रत्येक इजेला शुद्ध टिकवायला फासे टाकावे लागतात: आधी ३, मग ५, ७, १०, ११. सलग मोहीम खेळत असाल तर हाच पायलट पुढच्या लढाईत अधिक तरबेज होऊन परततो. मला तो मेकपेक्षा मोलाचा वाटतो. म्हणून छातीचं चिलखत संपलं की माघार घ्या. मेकला उलट्या पावलीही चालता येतं, फक्त धावता येत नाही. पाठ न दाखवता, पाठीमागे झाडी धरून, एकेक घर मागे सरका.